रेषेबाहेरचा बिंदू

रेषाबाईच्या घरात प्रेशर कुकर कधी आला नाही. शेजारणी म्हणत, चिक्कू आहे मेली. पण तिला भीती वाटायची, आणि ती भीती तिने स्वतःच्या हाताने घडवली होती.

ती प्रयोगशाळेत होती. दाबमापकांचे काटे खरं बोलतात की नाही, हे तपासायचं तिथलं काम. खोलीभर पसरलेलं कॉम्प्युटरचं धूड आलं, तेव्हा त्याला हे हिशेब हिनेच शिकवले. चाचणीचे आकडे कार्डांवर भोकं पाडून भरायचे, की यंत्र त्यांतून एक सरळ रेषा काढी आणि मापक किती चुकतं ते छापून देई. म्हणून ही रेषाबाई. एखादा आकडा रेषेपासून फारच लांब पडला, तर ती वाचणाऱ्याची चूक समजून तो गाळायचा, ही युक्तीही तिचीच. साहेबांनी पाठ थोपटली आणि बाई हरभऱ्याच्या झाडावर चढून बसली.

एका सकाळी आलेख काढणारं यंत्र रुसलं, म्हणून तिने एका मापकाचा आलेख हातानेच काढला. खालचे बिंदू शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले. सर्वांत वरचा मात्र पार खाली घसरला. तिने चाचणी पुन्हा केली. दाब वाढत होता आणि काटा जागचा हलत नव्हता. वाचणाऱ्याची चूक नव्हतीच. काटाच अडकत होता, आणि तिचा प्रोग्राम नेमका तोच आकडा गाळून मापकाला पास करत होता.

याच घडणीचं एक मापक इस्पितळाच्या धोबीखान्यात बॉयलरवर बसलं होतं. त्या बॉयलरच्या भिंतीपलीकडे तिची धाकटी बहीण चादरींना इस्त्री करायची.

तिथला फोन कोणी उचलेना. ती धावत सुटली. रस्त्यात कुठे दार आपटलं तरी तिचं काळीज लक्कन हलत होतं.

"आग बंद करा आधी!" ती बॉयलरवाल्यावर ओरडली.

तो हसला. "बाई, काटा बघा की. लाल खुणेच्या किती खाली आहे! तुमच्याच ऑफिसचा शिक्का आहे त्यावर."

"माझाच आहे शिक्का, म्हणून तर सांगतेय!"

तिचा चेहरा बघून त्याने आग बंद केली आणि वाफ सोडली. वाफ फुसफुसत राहिली. काटा जागचा हलला नाही. वाफ जातच राहिली, तरी काटा तिथेच; म्हणजे खरा दाब काटा दाखवत होता त्याच्या कितीतरी वर होता. बॉयलरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. किती तरी वेळाने काटा थरथरला आणि खाली येऊ लागला.

आवाजाने बहीण बाहेर आली. रेषाबाईने तिचा दंड असा धरला की बांगडी रुतली.

"ताई, दुखतंय गं. संपलं ना आता?"

तपासून झाल्यावर कार्डं रद्दीत जात, आणि गाळलेले आकडे जपायला तिने यंत्राला कधी सांगितलंच नव्हतं.

"नाही गं," ती म्हणाली. "असे काटे अजून कुठे कुठे बसलेत, मला माहीतच नाही."