माझंच रक्त, माझाच हात

शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मनगटाला खाज सुटायची आणि मधल्या सुट्टीपर्यंत अंगभर लाल, फुगलेल्या गांधी उठायच्या. संध्याकाळी घरी येऊन दाखवावं तर त्या गायब, मागे डाग नाही की वण नाही. पाठीवर मात्र नव्या उगवलेल्या. एखाद्या सकाळी वरचा ओठ सुजलेला असायचा. नवरा विचारायचा, "आज रुसलीस का?" मला भयंकर राग यायचा, पण तसल्या ओठांनी धड भांडताही येत नाही.

गांधी उठल्या की आमच्या परभणीत त्याला पित्त म्हणतात, आणि पित्तावरचा उपाय प्रत्येकाला ठाऊक असतो. आमसुलाचं पाणी लावून झालं, घोंगडी पांघरून झाली. शेजारच्या काकूंनी माझं वांगं बंद केलं, स्टाफरूमने शेंगदाणे आणि एका ऑटोवाल्याने अंबाडीची भाजी. वर्ष उलटलं तरी गांधी हटेनात.

खरा घोर लागला होता सासूबाईंना. त्यांना मी आत्या म्हणते. घरचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा, त्यामुळे माझ्या प्रत्येक घासाची त्यांना धास्ती. फोडणी देता देता थांबायच्या. "माझ्याच हातचं बाधायलंय तुला," म्हणायच्या. मी समजावलं, चिडले, ओरडूनही पाहिलं. त्या बाईने माझ्या भाजीतून मीठ सोडून सगळं काढून टाकलं.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आत्या हट्टाने बरोबर आल्या, कोर्टाच्या तारखेला यावं तशा. बाईंनी थायरॉईडसाठी रक्त तपासायला लावलं आणि मी घेत होते त्या खाजेच्या गोळ्या काही दिवस बंद करून पुन्हा बोलावलं. ते दिवस मी घरात सगळ्यांशी भांडून काढले. मग त्यांनी माझं रक्त घेतलं, यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं आणि त्यातला एक थेंब माझ्याच हाताच्या कातडीत टोचला. शेजारी नुसतं मिठाचं पाणी टोचलं. आत्या आणि मी त्या हाताकडे बघत बसलो. अर्ध्या तासाने मिठाच्या पाण्याच्या जागी काही नव्हतं. माझ्या रक्ताच्या जागी टपोरी लाल गांध होती. थायरॉईडच्या तपासणीतही शरीर स्वतःच्याच ग्रंथीशी भांडत असल्याचं निघालं.

"शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून शरीरावर उलटली आहे," बाई म्हणाल्या. "गोळ्या रोज घ्या. वेळ लागतो, पण बहुतेकांचं निवळतं."

आत्यांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हंजे माझ्या सैपाकाचा काई दोष न्हाई?"

"अजिबात नाही, आजी. सगळं खाऊ द्या."

आत्यांनी ते त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

घरी आल्यावर त्यांनी पातेलंभर झणझणीत रस्सा केला. एरवी त्या सगळ्यांना वाढून मग एकट्याच स्वयंपाकघरात जेवतात. त्या दिवशी मी त्यांना ओढून शेजारी बसवलं. मानेवर गांधी होत्याच. एका हाताने मी खाजवत होते, दुसऱ्याने जेवत होते, आणि फार खूश होते. आत्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"लय दिसांनी खायलेय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कुठं बंद केलं होतं? पथ्य तर मला होतं."

"तुला न्हाई ते मला गोड लागंल व्हय गं?"