मुलुंड तिने मागितलं नव्हतं

आम्ही दहिसर सोडलं त्या रविवारी सकाळी टेम्पो चाळीच्या तोंडाशी उभा होता, आणि सामान इतकं थोडं होतं की टेम्पोवाल्याने दोनदा विचारलं, बस, एवढंच? लग्नात आलेलं कपाट, गादी, मिक्सर, भांड्यांची दोन खोकी आणि केतकीची पुस्तकं. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते, संसार म्हणावा असं काही अजून जमलंच नव्हतं. आई प्रत्येक खोक्यात काहीतरी कोंबत होती. मेतकूट, कुळथाचं पीठ, जुन्या साडीची शिवलेली पायपुसणी. बाबा टेम्पोवाल्याला रस्ता समजावत होते. त्यांनी अडतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली आहे. मुंबईतला रस्ता दुसऱ्या कोणी सांगितलेला त्यांना चालत नाही.

निघताना शेजारपाजारचे सगळे गॅलरीत आले. सावंतकाकूंनी विचारलं, एवढ्या लांब कशाला रे बाबा? आई माझ्याकडे बघत होती. तिलाही हेच विचारायचं होतं, पण महिनाभर तिने विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "केतकीला इथून जमत नाही ना काकू. तिला ऑफिस लांब पडतं."

"मुलुंडहून अंधेरी?" जिन्यात उभे असलेले बाबा एवढंच म्हणाले, आणि गादीची दोरी आवळायला खाली गेले.

केतकी माझ्या शेजारीच होती, हातात मिक्सरचं भांडं धरून. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भांडं खाली ठेवून ती आईच्या पाया पडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नेहमीसारखं तोंडाने काही म्हणाली नाही.

केतकीचं ऑफिस अंधेरीला. दहिसरहून एक मेट्रो पकडली की ती थेट दारात उतरायची. मुलुंडहून तिला आधी घाटकोपर गाठावं लागतं आणि तिथे बदलावं लागतं. ऐरोलीला ऑफिस माझं आहे. पूल ओलांडला की मी पोचलो. म्हणजे कोणीही दोन मिनिटं डोकं चालवलं असतं तर माझी वाट लागली असती. पण आपल्याकडे नवं जोडपं वेगळं निघालं की कोणी डोकं चालवत नाही. सुनेने नेलं, एवढं पुरतं. ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते वाक्य इतक्या सहज माझ्या तोंडून निघालं.

चाळ आता पाडणार आहेत, नवी इमारत होणार आहे. जे गेले आणि जे शेवटपर्यंत राहिले त्या सगळ्यांनी दोन-दोन पानं आठवणी लिहून द्यायच्या, असं आपल्या ग्रुपवर ठरलंय. नळाच्या रांगेबद्दल, गॅलरीतल्या गणपतीबद्दल बाकीचे लिहितीलच. माझी आठवण ही आहे. केतकीने मला दहिसरहून नेलं नाही. मी निघालो, आणि नाव तिचं पुढे केलं.

वेगळं व्हायचं मी लग्नाच्या आधीच ठरवलं होतं. मुलुंडचं घर मी एकटा जाऊन दोनदा बघून आलो होतो, आणि घरी ऑफिसचं काम सांगितलं होतं. कारण विचाराल तर एकतीस वर्षांत मला बंद करता येईल असं दार मिळालं नव्हतं. आतल्या खोलीत पाण्याचा पिंप, म्हणून पहाटे पाणी आलं की आई आत येणार, ओळीने भांडी भरणार. हे कारण कोणालाही पटेल. दुसरं सांगायला जड जातं. ऑफिसात कुठे राहतोस विचारलं की मी बोरिवली म्हणायचो. चाळ हा शब्द लग्न ठरेपर्यंत केतकीलाही मी नीट सांगितला नव्हता, दोन खोल्यांचं घर आहे म्हणालो होतो.

आणि तिला काहीच वाटलं नाही. ती नाशिकची, एकुलती एक. आईवडील दोघे शिक्षक, घरात तीन माणसं आणि तिघांच्या तीन खोल्या, जेवायच्या वेळेला भेट. चाळीत आल्यावर तिला जत्रेत आल्यासारखं झालं होतं. आई थंडीत ऑर्डरप्रमाणे संक्रांतीचे हलव्याचे दागिने करून देते, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. केतकी ऑफिसातून आली की चहा घेऊन तिच्या शेजारी बसायची. शेगडीवर परात, परातीत खसखस, चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. बोटं भाजायची. "घाई केलीस की काटा येत नाही," असं आई म्हणायची, आणि केतकी बोटांवर फुंकर मारून पुन्हा हात घालायची. त्या संक्रांतीला काळ्या साडीवर तिने जो हार घातला, त्यातला निम्मा तिने स्वतः ओवला होता. ती स्वतःचं गाव सोडून आली आणि महिन्याभरात इथली झाली. तिला तिथून उठवणारा मी.

टेम्पोत मी तिला म्हणालो, तसं सांगितलं की आईला सोपं जाईल, सून नवीन आहे म्हणून ती समजून घेईल. केतकी बाहेर बघत होती. मग म्हणाली, ठीक आहे. नवऱ्याला चार लोकांत खोटं पाडायचं नाही, एवढंच तिने त्या दिवशी पाहिलं असणार. मी मात्र ते ठीक आहे कायमचं धरून बसलो.

मुलुंडला आम्ही मजेत होतो, हे लिहिताना मला अजून चोरट्यासारखं वाटतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो. शनिवारी दोघं भाजीला जायचो आणि कोथिंबिरीची जुडी ताजी की कालची यावर रस्त्यात भांडायचो. आल्यावर ती चिरायची, मी कणीक मळायचो. चादरी वाळल्या की दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे, झटकायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. घडी तिच्या हातात देताना ती माझं नाक ओढायची. दहिसरला मी जेवलेलं ताटसुद्धा उचललेलं नव्हतं. इथे मला पोळ्या येऊ लागल्या, भांडी कशी लावायची ते कळू लागलं, आणि ते सगळं मला मनापासून आवडत होतं.

एकदा व्हिडिओ कॉलवर आईने मला कणीक मळताना पाहिलं. "बघा हो," ती बाबांना म्हणाली, "काय काय करून घेते त्याच्याकडून." हसतच म्हणाली. मीही हसलो. केतकीने फोन तेलाच्या बरणीला टेकवून सरळ केला आणि फोडणीकडे वळली. तेव्हा म्हणता आलं असतं, आई, मला आवडतं हे. मी नाही म्हणालो. उलट फोनवर मी जरा दमल्यासारखं बोलायचो, धावपळ होते म्हणायचो, म्हणजे आपण मागे राहिलो आणि हा तिकडे मजा मारतोय असं त्यांना वाटू नये. त्या धावपळीचं खापरही तिच्यावरच फुटायचं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आम्ही गेलो होतो. मी आत पन्हं गाळत होतो. बाहेर सावंतकाकू केतकीला म्हणाल्या, "झील तर घेवन गेलंस गो, आता सणावाराक तरी धाडीत जा." बायका हसल्या, केतकीही हसली, आणि तिने काकूंना डाळ वाढली. काकू, तुम्ही हे वाचाल तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही जे मी सांगितलं तेच बोललात. मी चार पावलांवर होतो आणि पन्हं गाळत राहिलो.

मुलुंडला परत आल्यावर तिने दोरीवरचे कपडे काढले. "तू आत होतास ना, काकू बोलल्या तेव्हा?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ऐकलंस का, विचारलं. हो म्हणालो. त्या दिवशी चादरीची घडी करताना ती जवळ आली नाही. तिची टोकं तिने हात लांब करून माझ्याकडे दिली.

मग चाळ रिकामी करायची नोटीस आली. आईबाबा आमच्याकडे येणार हे मी धरूनच चाललो होतो. केतकीने अर्धं कपाट मोकळं केलं, खसखस आणून ठेवली, गॅलरीत आईच्या शेगडीसाठी जागा केली. आणि आईने फोनवर सांगितलं की दहिसरलाच नदीच्या बाजूला, चाळीपासून दोन गल्ल्या सोडून एक खोली बघितली आहे. मी भांडलो. तेव्हा ती म्हणाली, "तिला माणसं नकोत म्हणून तर एवढ्या लांब गेलात. आता आम्ही उठून तिच्या दारात जायचं का?"

केतकी समोर बसली होती. फोन स्पीकरवर होता. मोकळ्या केलेल्या खणांकडे बघत ती म्हणाली, "आता तरी तू सांग. मी सांगायला गेले तर सून उलटं बोलली असं होईल."

पुढच्या शनिवारी दुपारी मी एकटा दहिसरला गेलो. आई तांब्याची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती, बाबा गाठोडी बांधत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वेगळं व्हायचं केतकी कधीच म्हणाली नाही. मलाच हवं होतं. घर मी लग्नाआधी बघून ठेवलं होतं.

बाबांनी मान वर केली नाही. "मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले.

आईने त्यांना विचारलं, मग बोलला का नाहीत? बाबा म्हणाले, "सुनेवर रागावून तू निदान जेवत होतीस."

मला वाटलं होतं, आता आई रडेल, मला चार शब्द सुनावेल, आणि मग खोली रद्द करून दोघं आमच्याकडे येतील. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटून मी खाली बसलोसुद्धा. आईने हातातला गडू पुरता गुंडाळला, खोक्यात ठेवला, आणि मग ती बोलली.

"मग तर मला येताच येणार नाही रे. तिला नको होतो, तर एक वेळ आले असते. परक्या घरातली पोर, सवय नाही, म्हणून चालवून घेतलं असतं. तुला नको होतो हे कळल्यावर कसं यायचं?"

मी म्हणालो, तसं नव्हतं आई. ती म्हणाली, बरं. आणि दुसरं भांडं घेतलं.

त्याच संध्याकाळी तिने केतकीला फोन केला. मी तेव्हा मुलुंडला घरी पोचलो नव्हतो. आलो तेव्हा केतकी ओट्याला टेकून उभी होती, डोळे पुसत, आणि फोनवर नुसतं हो आई, हो आई म्हणत होती. काय बोलणं झालं ते दोघींपैकी कोणीही मला सांगितलं नाही, आणि विचारायचा अधिकार मी गमावला आहे असं मला वाटतं.

हे पान मी आधी केतकीला वाचायला दिलं. ती म्हणाली, दे छापायला, पण मला देवी करू नकोस. "मला मुलुंड नंतर आवडलं, तेही लिही. आणि तुझा राग येतो अजून, तेही." तेही लिहिलं.

आईबाबा नदीकडच्या खोलीत आहेत. यंदाची थंडी सुरू झाली आहे, दागिन्यांच्या ऑर्डरी आल्या आहेत, आणि दर शनिवारी आम्ही दोघं तिकडे जातो. केतकी आत शिरते ती सरळ शेगडीपाशी. आई तिला ओरडते, पाक जास्त सोडलास, अगं तो डबा काढ आधी, केस बांध ना ते. केतकी उलट बोलते आणि दोघी हसतात. मी बाबांजवळ खुर्चीत बसतो. त्यांनी मला कधीच काही ऐकवलं नाही, माझ्याशी कोणी वाकडंही वागत नाही. फक्त मला ओरडणं आईने बंद केलं आहे. घर म्हणजे काय हे मला विचाराल तर आता मी एवढंच सांगेन, जिथे आपल्याला न विचारता ताट वाढलं जातं आणि न मागता बोलणी बसतात, ते घर. माझं होतं.

गेल्या शनिवारी आईने पदराला हात पुसले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "चहा घेशील ना? की घाईत आहेस?"

एकतीस वर्षांत तिने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, घेईन, आणि चहा येईपर्यंत खुर्चीत नीट बसून राहिलो.