फडक्यातला रुपया

गेल्या रविवारी रोह्याला आईकडे गेले होते... बाबांच्या नाण्यांचे फोटो काढायला.

बाबांना नाणी जमवायचा भारी नाद. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा भरून ठेवलाय. ते गेले आणि डबा तसाच राहिला. म्हटलं, फोटो काढून नाणीवाल्यांच्या एखाद्या ग्रुपवर टाकू, काय काय आहे ते तरी कळेल. पण खरं सांगायचं तर मला आईला पेणला माझ्याकडे न्यायचं होतं, आणि घर आवरायला कुठून तरी सुरुवात हवी होती.

आई तयार नाही. माझा धाकटा भाऊ मंगेश सहा वर्षांपूर्वी सेकंड शिफ्टला म्हणून घरातून निघाला, तो आलाच नाही. कंपनीत पोचलाच नव्हता. बाइक कोलाड स्टेशनबाहेर मिळाली. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, बाबा कुठे कुठे फिरून आले... काही नाही.

"तो आला नि दाराला कुलूप दिसलं, तर?" एवढंच आईचं म्हणणं. गुडघ्यांनी पार कामातून गेलेली बाई, एकटी राहते त्या घरात. मला तर संतापच येतो. मंगेश येणार नाही हे मी मनाशी कधीच ठरवून टाकलंय... फक्त तिच्यासमोर बोलत नाही.

असो. मोबाइलवर नाण्यांवरचं साल काही दिसेना, म्हणून आमचा जुना डिजिटल कॅमेरा सोबत नेला होता. लेकीने "हे डबडं अजून चालतं?" म्हणून खिदळून घेतलं होतं. पण त्यातलं ते फुलाचं चिन्ह असलेलं जवळून फोटो काढायचं सेटिंग काय मस्त आहे! खिडकीत पाट टाकला, त्यावर पांढरा कागद, फ्लॅश बंद. हात हलू नये म्हणून कॅमेरा दोन डब्यांवर टेकवला आणि टायमर लावला. भोकाचा पैसा, राजाच्या तोंडाचा आणा, फुलासारख्या कडेचे दहा पैसे... एकेक छान येत होतं. मी तर रंगूनच गेले.

खास नाणी बाबा फडक्यात गाठ मारून ठेवायचे. अशा चार-पाच गाठी सोडल्या. एक मात्र काही केल्या सुटेना. शेवटी केसातली पिन घालून उकलली. आत सुपारी, थोडे तांदूळ आणि एक रुपया... आपला नेहमीचा, बाजारात चालतो तसला. त्यावर कसलेतरी पिवळे डाग होते. फोटोत वाईट दिसतील म्हणून ते ओल्या फडक्याने घासून काढले आणि फोटो घेतला.

स्क्रीनवर मोठा करून बघितलं आणि हसू आलं. काय बाई एकेक जपून ठेवलंय! आई मागच्या पडवीत वाल सोलत बसली होती. तिला हाक मारली, "आई, बाबांची गंमत बघ ये..."

ती आली. कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही तिने. कागदावरचा तो लख्ख रुपया बघितला, बाजूला पडलेले तांदूळ बघितले आणि दाराची चौकट धरून खालीच बसली.

"काय केलंस गो हे?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते पिवळे डाग हळदीचे होते. तो नवसाचा रुपया होता... मंगेश घरी येऊ दे म्हणून तिने रोह्याच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या नावाने बांधलेला. देव्हाऱ्यात उंदीर फडकी कुरतडतात म्हणून तिने तो डब्यात ठेवला होता, हे नंतर कळलं. नवस पुरा झाल्याशिवाय ही गाठ कुणी सोडत नाही. हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणापासून बघत आलेय. पण फडकं विटून पांढरं पडलं होतं... सहा वर्षांत हळदीचा रंग राहतोय कुठला!

"मला वाटलं बाबांची..." एवढंच कसंबसं बोलले. वाटलं, आता ओरडेल, रडेल. पण ती हळूच म्हणाली, "आता त्याला वाटंल, आयशीनं पन सोडलं."

मी कॅमेरा बंद केला.

तिने उठून आंघोळ केली. नवं फडकं हळदीत भिजवलं, रुपयाला हळद लावली, सुपारी-तांदूळ ठेवले. पण तिच्या हातून गाठ काही बसेना. दोनदा सुपारी घरंगळून खाली गेली. मी उचलून दिली.

"तू धर हे टोक," ती म्हणाली. "तुझा पन भाव हाय ना गो तो?"

मी टोक धरलं. दुसरं तिच्या हातात होतं. "नाव घे त्याचं," म्हणाली. सहा वर्षांत या घरात मी त्याचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं... तिला त्रास नको म्हणून, असं स्वतःला सांगत होते. घेतलं. "मंगेश..."

पेणला एकटीच परत आले. तो येईल असं मला आजही वाटत नाही, खोटं कशाला बोलू? पण ती गाठ मी दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलीय... पुन्हा कुणाकडून चुकूनसुद्धा सुटायला नको.