मायच्या मशीनचे सेल

कोणी मला विचारलं की चार्जिंगचे सेल घ्यायचे तर नावाजलेल्या कंपनीचे घ्यावेत की साधे चालतात, तर मी आता एका वाक्यात उत्तर देतो: कंपनीचे घ्या, आणि चार्जरही कंपनीचाच घ्या. ऐकणाऱ्याला वाटतं, मी विज्ञानाचा मास्तर आहे म्हणून सांगतोय. तसं नाही. मास्तर असून मला ते कळलं नव्हतं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी गप्प बसलो, म्हणून सांगतोय.

माझी माय संग्रामपूरकडे आमच्या गावी राहायची. वडील गेल्यापासून एकटीच. विहिरीलगत दीड एकराचा मळा तिच्या नावावर आहे. आमच्या भागात पाणी खारं, पण त्या विहिरीचं पिण्याजोगं गोडं, म्हणून मळ्यावर पुष्कळांचा डोळा. माय तिथे वांगी, गवार, मेथी लावायची आणि बाजाराच्या दिवशी स्वतः दुकान मांडून बसायची. तिला ऐकू कमी येतं. कानातली ती बारीक मशीनं तिला मानवली नाहीत, बोटांना सापडत नाहीत म्हणाली. म्हणून तिच्याकडे डबीचं मशीन आहे, पोलक्याच्या खिशात ठेवायचं, वायर कानापर्यंत. त्यात एक पेन्सिल सेल लागतो.

साधा सेल तिला दहाबारा दिवस जायचा. कोणी बोलायला नसलं की ती मशीन बंद करायची. सेल संपला तरी टाकायची नाही. उन्हात ठेवायची, मग तो आणखी तासभर चालायचा. हे आमच्याकडे घरोघर चालतं. टॉर्चचे, रेडिओचे सेल मी लहानपणापासून पत्र्यावर तापताना पाहिलेत. मला मात्र मास्तर झाल्यापासून या प्रकाराचा राग यायला लागला होता. वर्गात मुलांसमोर मी त्याची टिंगलही करायचो.

गेल्या दिवाळीत मी तिला चार्जिंगचे चार सेल आणि चार्जर आणून दिला. बायको म्हणाली होती, "कंपनीचे घ्या जी, रोजच्या कामाचे आहेत." मी तिला तिथेच दुकानात व्याख्यान दिलं. लोक नावाचे पैसे देतात, आत माल सगळ्यांचा एकच, आणि हे बघ, या स्वस्तातल्या सेलवर ताकदीचा आकडा कंपनीच्या सेलपेक्षाही मोठा छापलाय. दुकानदार माझ्याकडे आदराने पाहत होता. शेगावला गाडी थांबवून आम्ही घरी न्यायला कचोऱ्या बांधून घेतो, तेवढ्याच पैशांचा काय तो फरक होता. एवढ्याशा सेलात एवढा मोठा आकडा मावतच नाही, ही शंका आठवीच्या पोरालाही विचारता आली असती. मी विचारलं नाही.

वर एक शहाणपणा केला. मायजवळ साध्या सेलांचं एक पाकीट शिल्लक होतं, ते "आता तुले काय कामाचं" म्हणून उचललं आणि बुलढाण्याला माझ्या घरी आणून भिंतीवरच्या घड्याळाला लावलं. चार्जर कसा लावायचा ते दाखवलं. त्यात सेल जोडीनेच बसायचे, एकटा सेल लावला तर दिवाच लागायचा नाही. मायच्या मशीनला सेल लागतो एक. म्हणजे संपलेल्या सेलासोबत ती दर वेळी एक भरलेला सेल लावणार, आणि भरलेला तापून खराब होणार, संपलेला अर्धाच भरणार. दिवा लालच राहायचा, सेल भरो न भरो. हे सगळं आज मी भराभर सांगतो. तेव्हा मी "हे बघ, सोपं आहे" एवढंच म्हणालो होतो.

दोन महिन्यांत त्या सेलांचा दम संपला. सकाळी चहा घेऊन सेल घातला की दुपारपर्यंत मशीन मुकं. मी पंधरा दिवसांनी जायचो, विचारायचो, "माय, सेल कसे हायेत?" ती म्हणायची, "चांगले हायेत." पोराने हौसेने आणलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, म्हणून. आणि मी उलट तिच्यावरच चिडायचो. "आयकत काऊन नाही तू? ध्यान कुठं असते तुहं?" असं मी आईला बोललोय, शेजारीपाजारी ऐकत असताना.

या सगळ्यात माझं एक काम अडून बसलं होतं. मला मळा मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर वर्षभर दुसऱ्याला कसायला, द्यायचा होता आणि मायला बुलढाण्याला आणायचं होतं. पावसाळ्यात ती बांधावरून घसरली होती, हे कारण मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण तेवढंच नव्हतं. दर पंधरवड्याच्या चकरांना मी कंटाळलो होतो. दोनदा मी तिला विचारलं, मशीन धड चालत असताना. दोन्ही वेळा ती म्हणाली, "हात चालून राह्यले तोवर नाही." तिचं उत्तर मला पक्कं माहीत होतं, हे इथे लिहून ठेवतो.

होळीनंतर शेजारच्या मळ्याचे एक शेतकरी आणि त्यांचे काका बोलणी करायला आमच्या अंगणात आले. आमच्याकडे मक्ते पाडव्यापासून लागतात, त्याआधी बोलणं व्हावं लागतं. बोलण्याची रीत साधी आहे. कागद कोणी करत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर विचारायचं, त्याने हाव, म्हणजे हो, म्हटलं की चहा ठेवायचा. चहा पिऊन झाला की मग त्यातून मागे फिरत नाहीत. फिरला तर पुढे त्याच्या अंगणात कोणी बोलणी करायला बसत नाही.

माय दाराच्या पायरीवर बसली होती, कानात वायर घालून. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझी नजर अंगणातल्या सुपाकडे गेली. सुपात लाल मिरच्या वाळत होत्या, आणि मिरच्यांच्या कडेला, भर उन्हात, मी आणलेला सेल ठेवलेला होता. उरलेले तिन्ही त्याच्याजवळच. चार्जिंगचाच सेल आहे, उन्हानेही चार्ज होईल, असं तिला वाटलं असेल. म्हणजे तिच्या खिशातली डबी रिकामी होती. वायर नुसती कानात घातलेली, लोकांनी ओरडून बोलू नये म्हणून.

मी ते पाहिलं. चुकून नजर गेली असं म्हणता येणार नाही, मी नीट पाहिलं आणि मला नीट कळलं. उठून तिच्या कानाशी जाता आलं असतं. ओट्यावरच्या रेडिओत साधे पेन्सिल सेल होते, त्यातला एक काढून देता आला असता. मी जागचा हललो नाही. नेहमीच्या आवाजात म्हणालो, "माय, मळा पाडव्यापासून या लोकायले मक्त्यानं देऊन टाकू. चालते ना?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे पाहून हसली आणि म्हणाली, "हाव."

आणि चार माणसं बसलेली दिसली म्हणून ती स्वतःच उठली, आत गेली, चहा ठेवला. कपबशा तिनेच आणून दिल्या. काकांना साखर कमी लागते हेही तिच्या लक्षात होतं. मी तो चहा प्यायलो. त्या दिवसापासून मला स्वतःची लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

घरी आलो तर बायकोने विचारलं, "मळा द्यायला राजी झाल्या त्या?" मी हो म्हणालो. आठ दिवस काढले. वर्गात विद्युतघटाचा धडा होता, तो मी पुढे ढकलला. मग रविवारी बाजारात जाऊन कंपनीचे सेल घेतले आणि एकेक सेल वेगळा भरणारा, भरला की आपोआप बंद होणारा चार्जर घेतला. दुकानदार तोच होता. या वेळी मी व्याख्यान न देता पैसे मोजले.

गावी पोचलो तेव्हा माय भाजी निवडत होती. मी तिच्या मशीनमध्ये नवा सेल घातला. तिने वायर कानात घातली, आणि लगेच मान वळवून विहिरीकडे पाहिलं. मोटर चालू होती, ती तिला ऐकू आली असावी. मग मला म्हणाली, "बापू, त्या दिवशी लोक आले होते, तवा तू मले काय इचारलं होतं?"

मी सांगितलं. मळा मक्त्याने द्यायचा म्हणून विचारलं होतं, असं.

"तुले माहीत होतं, मले आयकू येत नोतं?"

"माहीत होतं."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. ती रागावेल, रडेल, अशी मी तयारी करून आलो होतो. ती म्हणाली, "मंग जरा जोरात बोलला असता. येवढ्या जवळ तं बसलो होतो आपण."

मी म्हणालो, मी आत्ता जातो, बोलणं मोडून येतो, दोष माझ्या माथी घेतो. तिने मान हलवली. "नको. चहा पिऊन गेले ते लोक. माह्या तोंडून गेलं आता." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. मला वाटलं, विषय संपला.

जुडी बांधता बांधता तिने हळूच विचारलं, "गवार तीन पानांवर आली हाये. तिले शेंगा लागेपर्यंत जाऊ देतीन का मले तिकडं?"

चाळीस वर्षं ती त्या मळ्यात जात होती. तिथे जायला तिने कधी वडिलांनाही विचारलं नव्हतं, आणि आता मला विचारत होती.