गाऱ्हाण्यात न आलेली पेंड

सोमवारी आमच्या दोन गाईंपैकी एक मेली.

पावसात शेंगदाण्याच्या पेंडीला हिरवी बुरशी आली होती. काकांनी ती धुऊन चुलीवरच्या माळ्यावर सुकवली आणि त्या गाईला घातली. बुरशीचं विष धुऊन, सुकवून जात नाही, हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं.

"पुस्तकां वाचून गुरां राखतलस काय रे?" काका हसले.

गाय गेल्यावर ते म्हणाले, "दिष्ट लागली तिका." देवळात नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. ते बरंच लांबलं. त्यात पेंडीचं नाव नव्हतं. घरी येऊन त्यांनी तीच पेंड दुसऱ्या गाईपुढे ठेवली.

मी टोपली ओढून घेतली आणि पेंडीचं अख्खं पोतं खड्ड्यात पुरलं.

आता गोठ्यात एक गाय आहे. काका माझ्याशी बोलत नाहीत.