नामदेव मिस्त्रीच्या जुळ्या फळ्या

लाकूड कापलं की भुसा पडतो आणि आम्ही तिघं कामाला बसलो की किस्से. भुसा निदान पोत्यात भरून कुणी चुलीसाठी नेतं, किस्से मात्र आमच्याकडेच साठत जातात! तिघं म्हणजे नामदेव मिस्त्री, रंधा मारणारा गफूर आणि पॉलिशवाला मी. जुन्या घरांच्या माडीवरची लाकडी जमीन आम्ही दुरुस्त करतो. तसला साग आता मिळत नाही. सडलेल्या फळीच्या जागी कुणाच्या दाराची, कुणाच्या पलंगाची फळी बसते आणि रंग मी जुळवतो.

*

मालेगावात शेवटची फळी ठोकून झाली आणि जमिनीखालून गाणं सुरू झालं. गफूरचा मोबाइल आत राहिला होता!

"बायकोचा फोन हाये," गफूर घाबरून म्हणाला.

"मंग उचल न बे!" मिस्त्री ओरडले.

"कसा उचलू? तुमीच तं खिळे ठोकले!"

*

केनवडला एका माडीवर जुन्या दाराची फळी बसवली. तिच्यात कडीचं भोक होतं. मी बुजवायला गेलो, तर वर राहणारे आजोबा आडवे आले.

"राहू दे बाप्पा. खालचं पोरासुनाचं बोलनं ऐकू येते. करमते मले."

भोक तसंच ठेवलं. मिस्त्रींनी त्याच्या कडा मात्र घासून गुळगुळीत केल्या.

*

एकदा मिस्त्रींनी काळपट साग आणि पिवळाधमक कडुनिंब शेजारी धरले. "पाय, कसे जुळे भाऊ हायेत!"

गफूरनं माझ्याकडं पाहिलं. मिस्त्रींच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. फळ्यांच्या सांध्यात मात्र नख शिरत नव्हतं, कारण सांधा ते बोटांनी बघत. सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी हत्यारं खाली ठेवली असती. आमची जीभ रेटली नाही. मी गुपचूप रंग दाट करू लागलो.

*

तरी एका दुकानदारानं विचारलंच, "मिस्त्री, हे पट्टे कायचे?"

"फॅशन हाये शेठ, पुन्यात असंच चालते!" गफूर मध्येच बोलला.

आठवड्यानं त्या दुकानदाराच्या भावाचा फोन आला. त्यालाही पट्टेच हवे होते!

*

कारंज्याच्या एका रिटायर्ड बाईंना रंगाचा वास सोसत नव्हता. "नुसतं तेल लावा," म्हणाल्या. त्यामुळं तिथं लाल, पिवळ्या, काळ्या फळ्या उघड्याच राहिल्या. बाईंनी मोजून पैसे दिले.

पुढं मिस्त्रींच्या मुलीनं हट्ट धरून त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. बरे होताच ते म्हणाले, "मले कारंज्याले न्या. ते माह्यं सगळ्यात साफ काम हाये."

आम्ही टाळाटाळ केली, पण ते ऐकेनात. माडीवर पोचल्यावर त्यांनी काळा चष्मा काढला आणि वाकून एकेक फळी बघितली.

"तुमाले दिसत होतं न?" त्यांनी आम्हाला विचारलं.

आम्ही माना खाली घातल्या. मिस्त्री बाईंकडं वळले. "बाई, आता दिसते मले. हे सारं उखडतो अन् एकसारखं करून देतो."

"खबरदार हात लावाल तर!" बाई म्हणाल्या. "बाजूच्या खोलीचं काम काढलं हाये. उद्या या. अन् तो काळा चष्मा घालूनच या!"