करंगळीच्या नखाएवढी जमीन

गेर्डाबाईंनी दीसाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते दुसरीच्या वर्गात. गावाचा नकाशा काढायचा होता. सगळ्या मुलांनी किनाऱ्याची रेघ ओढून पलीकडे निळा रंग फासला. दीसाने रेघेबाहेर बोटभर पट्टा कोरा ठेवला.

"इथे रंग का नाही गं?"

"ती जमीन अजून वर यायचीय, बाई."

दूर उत्तरेच्या समुद्रात, वासा शहरासमोरच्या त्यांच्या बेटावर हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. हिमयुगातल्या बर्फाखाली दबलेली जमीन अजून वर येते आहे आणि समुद्र मागे सरकतो आहे. वर्षाला करंगळीच्या नखाएवढी, असं गेर्डाबाई चाळीस वर्षं शिकवत आल्या. दीसाचा बाप एलोफ, तोही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मासेमार होता. मुलगी जन्मली त्या वर्षापासून दर जूनमध्ये, मध्यग्रीष्माच्या सणाच्या सकाळी तो बोटघरापाशी छिन्नी घेऊन बसे आणि पाणी जिथे टेकलं असेल तिथे खडकावर खूण कोरी.

दीसा तुर्कूच्या विद्यापीठात भूगोल शिकायला गेली. प्राकृतिक, सांस्कृतिक, प्रादेशिक, सगळे विषय तिला जमले. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिने बापाच्या तेवीस खुणा घेतल्या.

फेब्रुवारीत एलोफ गोठलेल्या समुद्राखालचं जाळं ओढताना बर्फावर बसला तो उठलाच नाही. दीसा आली, थडग्याशी उभी राहिली, लोकांचे कॉफीचे कप विसळले आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने परत गेली.

"पोर दगड झाली," शेजारचा रूनार म्हणाला.

"तू तुझा कप तरी उचललास का?" गेर्डाबाईंनी विचारलं.

मे महिन्यात दीसा त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. वेलदोड्याचा पाव पुढे केला, तो तसाच राहिला. तिने वही उघडली.

"बाई, प्रबंध दिलाय. सरांना आवडला. शुक्रवारी पक्का होईल."

"मग?"

"काल बंदरावरच्या पाण्याच्या नोंदी पाहिल्या, नुसत्या जोडायला म्हणून. वाऱ्याने पाणी चढतं-उतरतं. काही वर्षी मध्यग्रीष्माला ते आदल्या वर्षापेक्षा वीतभर वर होतं. बाबांची खूण एकदाही वर गेलेली नाही. दोन खुणांत नेहमी अकरा मिलिमीटर."

"आपण तर नऊच्या आसपास धरतो."

"हो. बाबांचं नख मोठं होतं."

गेर्डाबाईंनी कपातली कॉफी ढवळली. साखर घातलेली नव्हती. एलोफने पाणी पाहिलंच नव्हतं. आदल्या खुणेखाली करंगळी टेकवली आणि कोरलं. बाईंनी सांगितलं होतं तसं.

"माझ्यामुळे गं," त्या म्हणाल्या.

"असेल." दीसाच्या आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं. "मलाही लवकर कळायला हवं होतं. लहानपणी शेजारीच बसायचे मी."

"सरांना कळलंय?"

"नाही. कोण येतंय इथे खडक मोजायला."

"आणि मागे घेतलास तर?"

"वर्ष जाईल. त्या खुणा खोट्या, हेही मला लिहावं लागेल. बाबांच्या नावासकट."

"नाही घेतलास तर?"

"तर बाबांचं नाव चांगलं राहील." तिने वही मिटली. "रडू येईल असं वाटलं होतं. येत नाही."

गेर्डाबाईंना शिक्षक म्हणून काहीतरी सांगता आलं असतं. त्यांनी पावाची ताटली झाकून ठेवली.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी दीसाने प्रबंध मागे घेतला. पुढचं वर्ष तिने बंदरावरच्या नोंदींवर काढलं. नव्या प्रबंधात एक पान खडकाबद्दल होतं. कोणी कोरलं, कशाने मोजलं आणि ते मोजमाप का धरता येत नाही, एवढंच. खाली बापाचं पूर्ण नाव होतं. एकदा जेवताना रूनार म्हणाला, "मेलेल्या बापाची चूक काढायला कॉलेज लागतं होय." दीसाने ऐकलं आणि त्याला मीठ पुढे केलं.

आता ती एकतीस वर्षांची आहे, वासाला जमीन मोजणीच्या कचेरीत काम करते. पाणी मागे गेल्यामुळे बोटघर किनाऱ्यापासून एकोणचाळीस पावलांवर आलं आहे. त्यात ती गाडीचे हिवाळी टायर ठेवते.